विलासच्या सलूनमधला उलटा टीव्ही

“समुद्र कुठं गेला? मी विचारतोय विलास, आपला समुद्र कुठं गेला?”

मुकादम चाचा सलूनच्या बाकावरून अर्धे उठून भिंतीवरच्या टीव्हीवर काठी रोखून ओरडत होते. टीव्हीवर हवामानाच्या बातम्या होत्या. महाराष्ट्राचा नकाशा होता, नकाशावर ढग होते आणि अख्खी कोकणपट्टी उचलून उजव्या हाताला, जिथे एरवी गोंदिया-गडचिरोली असतात तिथे, नेऊन ठेवलेली होती. पनवेल विदर्भात गेलं होतं. नागपूरला भरती आली होती. खाली ठळक बातम्यांची पट्टी पळत होती, तीसुद्धा डावीकडून उजवीकडे, आणि तिच्यातलं प्रत्येक अक्षर पाठ फिरवून उभं होतं.

विलासच्या हातात वस्तरा, वस्तऱ्याखाली फेसाने माखलेलं गिऱ्हाईक. त्याने मान वर केली, चाचांकडे बघितलं आणि वस्तऱ्याचं टोक सरळ माझ्याकडे केलं. “गजाभाऊंनी केलंय.”

एवढ्या वर्षांची दोस्ती, चहा माझ्याकडून, दाढी त्याच्याकडून, आणि पहिल्याच आरोळीला माणसाने मला वस्तऱ्याने दाखवून मोकळं व्हावं. असो. मी पुढे झालो.

“चाचा, तुम्ही कुवेतला एवढी वर्षं काढलीत. उजवीकडून वाचायची सवय तर तुम्हालाच.”

“अरबी उजवीकडनं वाचतात, गाढवा. आरशातनं नाय वाचत.”

बाकावरचे दोघे हसले. चाचांनी त्यांच्याकडे असं बघितलं की एकाने हसू गिळायला वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मग चाचा विलासकडे वळले आणि आवाज उतरवला. त्यांचा आवाज उतरला की घाबरायचं असतं.

“तुझं लायसन या महिन्यात संपतंय, ठाऊक हाय ना? ते मोमोवाले पोरगे दोनदा येऊन गेले. मी त्यांना बोललो, जागेत माझा माणूस हाय. आता मला माझ्याच जागेत उलट्या बातम्या बघायला लावणार असशील, तर मी त्यांना दुसरं काय तरी बोलीन. टीव्ही सरळ कर, नायतर दुकान बघ.”

काठी टेकत ते गेले. लायसन म्हणजे जागेचा अकरा महिन्यांचा करार. विलासचं सलून चाचांच्या गाळ्यात आहे. गाळा गेला तर विलासने वस्तरा खिशात घालून पनवेलच्या एकेका तळ्याच्या काठावर पोतं अंथरून बसायचं, आणि तळी इथे कमी नाहीत म्हणा. पण त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी थट्टेला जागा नव्हती. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालावर फेस वाळून पापड्या पडल्या तरी तो दाराकडेच बघत होता.

आता मी कोण, आणि मी टीव्ही उलटा का केला, हे सांगतो. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘आपल्या व्यवसायातले हृद्य अनुभव’ मागितले आहेत. टीव्ही दुरुस्तीत हृद्य काही नसतं. धूळ असते, झुरळं असतात, आणि गिऱ्हाईक असतं. पैकी झुरळांशी माझं जमतं.

पनवेलात मी टीव्ही दुरुस्त करतो. मी उघडलेले टीव्ही एकावर एक रचले तर कर्नाळ्याचा सुळका त्यांच्याकडे मान वर करून बघेल. पेटीएवढे टीव्ही होते तेव्हापासून आहे, आता पापडाएवढे झाले तरी आहे. माझ्या बरोबरीचे बाकीचे एकतर मोबाइलची कव्हरं विकतात, नाहीतर गावी आंबे मोजतात. आणि जे नवे आले आहेत, त्यांच्याबद्दल बोलायचं तर जीभ विसळून घ्यावी लागेल. व्हिडिओ बघून शिकलेले. एका हातात फोन, एका हातात पेचकस, व्हिडिओ अडकला की हे अडकतात.

त्याहून वरची जात म्हणजे कंपनीचा माणूस. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, फोटोत केस जास्त. तो टीव्ही उघडत नाही. समोर उभा राहतो, मान हलवतो आणि म्हणतो, “पॅनेल गेलं, नवीन घ्या.” डॉक्टरने उंबऱ्यातूनच पेशंट बघून तिरडीच्या सामानाची यादी द्यावी, तसं. त्याच्या हातात पेचकस दिला तर तो कान कोरेल.

तर टीव्ही मागून उघडला की आत मुख्यतः दोन पाट्या दिसतात. एक वीज देते, दुसरी चित्र. चित्राची पाटी जळली आणि कंपनीने हात वर केले की माणसं माझ्याकडे येतात आणि मी त्यात युनिव्हर्सल बोर्ड बसवतो. युनिव्हर्सल म्हणजे कुठल्याही टीव्हीला चालणारा. निदान खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तो बोर्ड म्हणजे आजच घरात आलेला पाहुणा. त्याला संडास कुठे हेसुद्धा माहीत नसतं. समोरची काच केवढी, तिच्यात ठिपके किती, तारा कुठल्या क्रमाने, रिमोट कुणाचा ऐकायचा, सगळं त्याला सांगावं लागतं. हे सांगणं म्हणजे फर्मवेअर. एक फाइल असते. ती पेनड्राइव्हवर घ्यायची, बोर्डाच्या बगलेत खुपसायची, वीज द्यायची. पुढचा छोटा दिवा लुकलुकायला लागतो. लुकलुकणं थांबेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. संपलं. एवढंच काम आहे, आणि एवढंच कुणाला जमत नाही.

फाइल चुकीची पडली की गंमत. माणसांचे चेहरे फोटोच्या निगेटिव्हसारखे होतात, पुढारी हिरवे दिसतात, एकाच बातमीदाराचे चार बातमीदार होतात. चित्र खाली डोकं वर पाय होतं. किंवा आरशात बघितल्यासारखं डाव्याचं उजवं होतं.

खारघरच्या एका उंच टॉवरमधले गृहस्थ टीव्ही छान चालू असताना माझ्याकडे आले होते. म्हणे, फोनला दर महिन्याला अपडेट येतो, आमच्या टीव्हीला कधीच येत नाही, बोर्डाचं फर्मवेअर अपडेट करून द्या. मी म्हणालो, चालत्या टीव्हीत हात घालू नये. त्यांना वाटलं, याला येत नाही. मग त्यांनी कुठूनशी स्वतःच फाइल आणून घातली. तेव्हापासून त्यांचा टीव्ही फक्त शेजाऱ्यांच्या एसीचा रिमोट ऐकतो. संध्याकाळी हे शेजारी जातात, “जरा थंड करा हो” म्हणतात, आणि घरी येतात तो बातम्या लागलेल्या असतात. शेजारी पुण्याला गेले की यांच्याकडे टीव्ही बंद.

ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी उरणच्या मोरा बंदरात जाऊन यावं. तिथल्या खाऱ्या हवेने बोर्डाची काय दशा होते ते बघावं. तिथून एकदा एक टीव्ही आला, मागून उघडला तर आत बांगडा वाळत घातलेला. विश्वास बसत नाही? बरं, बोंबील होता.

विलासच्या सलूनची रचना समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथे आहे. आत शिरलं की डाव्या भिंतीला आरसे आणि आरशांकडे तोंड करून तीन खुर्च्या. उजव्या भिंतीवर, म्हणजे खुर्चीवाल्यांच्या पाठीमागे, टीव्ही. आणि दाराजवळ आडवं बाक. आरशांच्या वर लगेच पोटमाळा, तिथे टीव्ही लावायला जागा नाही. त्यामुळे खुर्चीवाल्याला टीव्ही आरशात दिसतो, बाकावाल्याला समोर. आरशात अक्षरं उलटी. क्रिकेटचे आकडे वाचायचे तर खुर्चीवाल्याने मान वळवायची. आणि मान वळली की काय होतं, हे धनाजी पाटलांना विचारा.

धनाजी पाटील उरणच्या बाजूचे. जमिनीचे व्यवहार करतात, म्हणजे इतरांच्या जमिनीचे. मॅच चालू होती, तिसऱ्या पंचाचा निकाल पडद्यावर येणार होता, धनाजींनी मान गर्रकन मागे फिरवली. वस्तरा होता तिथेच होता. कान पुढे आला.

तुम्हाला सांगतो, कानाच्या पाळीतून एवढं रक्त येतं हे मला माहीत नव्हतं. अख्खी गल्ली धुवावी लागली. विलास घाईघाईने तुरटी लावत होता आणि धनाजी एकच वाक्य सारखं म्हणत होते, “आमी मॅच बगायला आलेलो, कान द्यायला नाय.” पुढे आठवडाभर ते कानाला पांढरं फडकं बांधून गावभर फिरले. जो भेटेल त्याला कान दाखवायचे आणि मग सलूनचं नाव सांगायचे. जाहिरातीवर एवढी मेहनत कुणी घेत नाही.

त्यातच रस्त्याच्या पलीकडे काचेचं नवीन सलून उघडलं. विमानतळ येतोय म्हणून पनवेलात जे जे उघडतं, त्यातलं एक. आत गारवा, मंद गाणी, आणि प्रत्येक खुर्चीसमोर आरशातच बसवलेला छोटा टीव्ही. केस कापणारा पोरगा आधी केसांबद्दल तुमच्याशी चर्चा करतो. मला एकदा विचारलं, “सर, कन्सर्न काय आहे?” मी म्हणालो, केस वाढलेत.

विलासची गिऱ्हाइकं तिकडे सरकायला लागली. एक दिवस तो म्हणाला, “गजाभाऊ, आरशात टीव्ही सरळ नाही का दिसायचा?”

त्याच्या त्या टीव्हीत बोर्ड माझाच होता, कंपनीवाल्याने टाकून द्यायला सांगितल्यावर मी घातलेला. मी क्षणभर विचार केला आणि स्वतःच्या अकलेला मनातल्या मनात नमस्कार केला. शिकाऊ लोकांकडून चुकून जे होतं ते मी मुद्दाम करायचं. टीव्हीतलं चित्र आडवं उलटं करायचं, म्हणजे आरशात ते पुन्हा सुलटं होणार. बोर्डाच्या गुप्त मेनूत तशी सोय असते, रिमोटवर विशिष्ट बटणं दाबली की तो उघडतो. मी दाबली. आरशात मराठी बातम्या नीट वाचता यायला लागल्या. खुर्चीवाल्यांच्या माना खिळल्यासारख्या सरळ झाल्या. विलासचा हात पुन्हा पूर्वीसारखा चालायला लागला. त्याच संध्याकाळी काचेच्या सलूनमधून दोघंतिघं परत आले.

बाकाचं काय, हा विचार मी केला नव्हता. बाकावर बसणाऱ्यांबद्दल माझं मत आधीपासूनच फारसं चांगलं नाही. त्यातले निम्मे केस कापायला आलेलेच नसतात. पण पहिल्याच सकाळी आरतीच्या चॅनेलवर गणपती लागला आणि बाकावरून एक म्हातारे ताडकन उठले. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झाला होता. “विलास, हा कडक असतो रे. याला सोवळं लागतं. आणि तू इथे केस पाडतोयस.” विलासने घाईने चॅनेल बदललं. दुसऱ्या चॅनेलवर क्रिकेट होतं आणि सगळी टीम डावखुरी.

आणि मग चाचा आले, आणि समुद्र गेला.

चाचांचं सांगायला हवं. मुकादमांचं घर जुनं कोकणी, ही गाळ्यांची रांग त्यांच्या वडिलांनी बांधलेली. चाचा तरुणपणी कुवेतला एसीच्या कामाला गेले, परत आले, आणि तेव्हापासून रोज सकाळी विलासच्या बाकावर येऊन बसतात ते दुपारच्या नमाजापर्यंत. बातम्या बघतात आणि प्रत्येक बातमीला शिव्या घालतात. पण एवढ्या वर्षांत चाचा विलासच्या खुर्चीत कधी बसले नाहीत. एकदाही नाही. केस कापायला ते पार स्टेशनच्या बाजूला दुसऱ्याकडे जायचे, पैसे देऊन. आणि केस कापून झाले की ताजं डोकं घेऊन विलासच्याच बाकावर येऊन बसायचे.

पनवेल हे मोठं शहर झालंय असं फक्त बाहेरच्यांना वाटतं. कुणाचा मालक कुणाकडे केस कापतो हे इथे सगळ्यांना माहीत असतं. विलासला लोक तोंडावर विचारायचे, “काय रे, मालकच तुझ्याकडे डोकं देत नाय?” तो हसायचा. हसताना कात्री उगाच हवेत दोनदा चालवायचा.

तर चाचा धमकी देऊन गेल्यावर विलास मला म्हणाला, “गजाभाऊ, खुर्चीवर माझं पोट चालतं आणि बाकावर माझं छप्पर. कुणाकडे बघू?”

“दोघांकडे,” मी म्हणालो. अशा वेळी मी नेहमी असंच काहीतरी म्हणतो आणि मग करत बसतो.

मेनूतून रोज उलटसुलट करणं शक्य नव्हतं. वीज गेली की बोर्ड सगळं विसरायचा, आणि आमच्याकडे वीज जाण्याबद्दल मी वेगळं सांगायला नको. मेकॅनिक लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. शेकडो जण आहेत, बहुतेक सगळे सुप्रभात पाठवायला. त्यातल्या एका उल्हासनगरच्या गड्याने मला एक फाइल दिली. या फाइलमध्ये रिमोटच्या एका लाल बटणावर चित्र उलटं आणि त्याच बटणावर सुलटं. वीज गेली तरी विसरत नाही. मी विलासला सांगितलं, चाचा बघतायत तेव्हा सरळ, खुर्चीवाले बघतायत तेव्हा उलट.

“आणि दोघं एकाच वेळी बघत असतील तर?”

असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेनड्राइव्ह खुपसला. पडदा काळा झाला, खालचा लाल दिवा लुकलुकायला लागला. मी सलूनभर बजावलं, “कुणी हात लावायचा नाही. आत्ता बोर्डाचं जुनं डोकं पुसलंय आणि नवीन भरतोय. मधे वीज गेली तर हा मेला.” तिन्ही खुर्च्या भरलेल्या, बाक भरलेलं, सगळे त्या दिव्याकडे बघत बसलेले. गॅसवर दूध ठेवून घरभर पहारा करावा तसं. मी चहा घेतला आणि दिव्यावर नजर ठेवून बशीत ओतला.

चाचा तेव्हा आले. माझं बजावणं त्यांनी ऐकलेलंच नव्हतं. आत शिरले, सलाम केला, आणि बसण्याआधी त्यांचा हात भिंतीकडे गेला. ही त्यांची आयुष्यभराची सवय. कुठेही उगाच फिरणारा पंखा, उगाच जळणारा दिवा, बंद टीव्हीचा लाल ठिपका दिसला की चाचा बटण बंद करतात. मशिदीत करतात, लग्नाच्या हॉलमध्ये करतात, एकदा बँकेत केलं होतं. बंद टीव्ही, खाली लुकलुकणारा दिवा. टक्.

मी त्या वेळी जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येत नाही. बशीतला चहा कुणाच्या डोक्यावर सांडला हेही मला आठवत नाही, पण ते डोकं नुकतंच धुतलेलं होतं.

“दिवा उगाच लुकलुकत होता,” चाचा म्हणाले. “मीटर माझ्या नावावर हाय.”

मी बटण चालू केलं. काही नाही. पुन्हा केलं. काळा पडदा, दिवासुद्धा नाही. विलास खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. चाचांनी एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा आपल्या बोटाकडे, आणि बसले.

मी टीव्ही उतरवून नेला. भिंतीवर चार भोकं आणि एक पांढरट चौकोन राहिला. पुढचे काही दिवस मी सलूनमध्ये गेलो तेव्हा चाचा त्या चौकोनाकडे तोंड करून बसलेले असायचे. शिव्या घालायला बातम्या नव्हत्या. खुर्च्या दोन-दोन रिकाम्या. त्यातच एकदा धनाजी पाटील आले. कान बरा झाला होता, जीभ मात्र तशीच होती. ते काचेच्या सलूनमधून तुळतुळीत होऊन आले होते आणि मुद्दाम दाखवायला आले होते.

विलास म्हणाला, “काय पाटील, आपली जुनी खुर्ची विसरलात?”

“इसरलो नाय,” धनाजी म्हणाले. “पन ज्याची जागा हाय तोच तुज्या खुर्चीत बसत नाय, मंग आमी कशाला बसू?”

आणि बाकावर बसलेल्या चाचांकडे बघून हसले. चाचा हसले नाहीत. भिंतीवरच्या चौकोनाकडे बघत राहिले. विलासने कात्री हवेत दोनदा चालवली. नंतर कितीतरी वेळ तो एकच कंगवा पुसत होता.

इकडे माझ्या दुकानात मी बोर्ड जिवंत करत होतो. कंपनीवाल्याने तो कचऱ्यात टाकला असता. व्हिडिओवाल्याने त्याला आधी भाजून मग कचऱ्यात टाकला असता. बोर्डावर आठ पायांची एक काळी चिप असते, तुरीच्या दोन दाण्यांएवढी. बोर्डाची सगळी अक्कल त्या चिपमध्ये. गरम हवेने ती अलगद उपटायची, एका छोट्या यंत्रात बसवायची, कॉम्प्युटरवरून तिच्यात सगळं नव्याने लिहायचं आणि पुन्हा जागेवर डकवायची. हात हलला तर आठपैकी एक पाय तुटतो आणि चिप लंगडी होते. आता हे करणारे पनवेलात आम्ही किती उरलो विचारू नका. पुढे कुणी उरणारही नाही, कारण लोक टीव्ही दुरुस्त करायचंच सोडून देतायत. बिघडला की भंगारात. नवा घेतात, तो आधीच्यापेक्षा लवकर बिघडतो, आणि त्यालाच प्रगती म्हणतात.

चिप यंत्रात होती आणि मला तिच्यात काहीही लिहिता येत होतं. सरळ, उलट, लाल बटणावर दोन्ही. मी उलट लिहिलं. फक्त उलट, कायमचं. खुर्चीत बसणाऱ्यांनी उलट बघायचं आणि बाकावर फुकट बसणाऱ्यांनी सरळ, हा कुठला न्याय? शिवाय माझ्या डोक्यात आणखीही एक विचार होता, पण मी तो विलासला सांगितला नाही. त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

टीव्ही भिंतीवर लावला. लागला. बातम्यांची पट्टी डावीकडून उजवीकडे धावू लागली. चाचा बाकावर होते. मी त्यांच्या आरोळीची वाट बघत उभा राहिलो. आरोळी आली नाही.

“हे असंच?” त्यांनी हळू विचारलं.

“असंच.”

“तुझी ती फाइल टाक ना परत.”

“आता घेत नाही, चाचा. मधेच वीज तुटली की बोर्डाच्या डोक्यावर परिणाम होतो. एका बाजूचाच राहतो.”

खोटं, साफ खोटं. पण मेकॅनिकने कधीच खोटं बोलायचं नाही म्हटलं तर दुकानात टाळ ठेवावे लागतील.

“म्हणजे माझ्यामुळं.”

“मी असं म्हणालो नाही.”

“पण तसंच हाय.”

“तसंच आहे.”

चाचा काठी टेकून उठले. विलासचा चेहरा पांढरा पडला. त्याला वाटलं, आता हे मोमोवाल्यांकडेच जाणार. पण चाचा दाराकडे न जाता आत आले, मधल्या रिकाम्या खुर्चीच्या मागे उभे राहिले आणि आरशात बघायला लागले. आरशात पट्टी सरळ पळत होती. त्यांनी ओठ हलवत दोन बातम्या वाचल्या.

“इथनं नीट दिसतं,” ते म्हणाले.

विलासने टॉवेल घेऊन खुर्ची झटकली. धूळ नव्हती, तरी झटकली.

“पैसे घेशील?” चाचांनी विचारलं.

“चाचा, तुमच्याकडून मी पैसे…”

खुर्चीच्या दांडीवर ठेवलेला हात चाचांनी उचलून घेतला. “बघ. पहिल्या दिवशी पण हेच बोललास.”

“पहिल्या दिवशी?”

“तू जागा घेतलीस त्याच्या दुसऱ्या रोजी मी आलो होतो केस कापायला. तू बोललास, मालकाकडून पैसे नाय घेणार. मी तसाच परत गेलो. तुझ्याकडनं फुकटात डोकं करून घेतलं तर उद्या भाडं मागताना ते वर कसं करू? माझा बाप कुठल्या भाडेकरूच्या दुकानातनं साधी काडेपेटी फुकट नाय उचलायचा.”

“म्हणून तुम्ही तिकडे स्टेशनला…”

“मग काय करू, जटा वाढवून फकीर होऊ?”

विलास हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिला. आदर म्हणून त्याने पैसे नाकारले होते, आणि त्या आदरापायी अख्ख्या गावासमोर खाली बघत आला होता. मी तिथे होतो म्हणून बरं, नाहीतर दोघंही असेच मेले असते, एक बाकावर आणि एक कात्री हवेत चालवत.

“घेईन,” विलास म्हणाला.

“पूर्ण?”

“पाटीवर लिहिलंय तेवढे. बाकीच्यांकडून घेतो तेवढेच.”

“आणि ईदची बक्षिसी?”

“मागेन.”

चाचा बसले. विलासने त्यांच्यावर कापड टाकलं आणि मानेमागे गाठ मारताना त्याला ती तीनदा मारावी लागली. पनवेलमधला सगळ्यात स्थिर हात म्हणून ज्याची जाहिरात मी फुकटात करतो, तो हात. बाहेरून जाणारा एक जण आत बघून थबकला, आणि दहा पावलांवर जाऊन दुसऱ्याला घेऊन आला. दुपारपर्यंत ही बातमी धनाजी पाटलांपर्यंत पोचली असणार, कारण संध्याकाळी ते दाढी वाढलेली नसताना दाढीला आले.

विलासने केस कापले, मानेवरून वस्तरा फिरवला, मग तेल घेऊन डोकं चोळून दिलं. घाई केली नाही. आरशात एकामागून एक बातम्या सरळ चालल्या होत्या, पुढारी बोलत होते, पट्टी पळत होती, आणि मी मागे हाताची घडी घालून उभा होतो. कंपनीवाल्यांनो, व्हिडिओवाल्यांनो, या आणि बघा, असं मी मनात म्हणत होतो. एका मालकाला त्याच्याच गाळ्यातल्या खुर्चीत बसवायला देशातल्या कुठल्या इंजिनिअरने फर्मवेअर लिहिलंय आजवर?

चाचांनी पैसे दिले. विलासने घेतले, आणि गल्ल्यात न टाकता वरच्या खिशात ठेवले. दारात चाचा थांबले.

“सोमवारी कागद घेऊन ये. अकरा महिन्यांचे नको करू, दर वेळी कोण धावपळ करील. तीन वर्षांचे कर.”

विलासने मान हलवली. चाचा टोपी नीट करून पायरी उतरायला लागले. मला राहवलं नाही. मी मागोमाग गेलो.

“चाचा, मग टीव्ही कसा वाटला? चित्र, अक्षरं, सगळं?”

“नाय बघितला,” चाचा म्हणाले. “डोळे मिटले होते.”